आधी ताटली, मग सुई: बोक्याचा मधुमेह घरी सांभाळताना

फोंड्याहून एका ताईंनी विचारले आहे. घरचा बोका 9 वर्षांचा, नसबंदी झालेला. साडेसहा किलोंचा होता, तो काही महिन्यांत 5 किलोंवर आला. खातो भरपूर, पाण्याच्या भांड्यापासून हलत नाही. दवाखान्यात रक्तातली शुगर 410 निघाली, लघवीतही साखर सापडली. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितले आहे. ताईंचे प्रश्न तीन: गोळीवर भागणार नाही का? सासऱ्यांचे इन्सुलिन फ्रीजमध्ये असतेच, त्यातलेच थोडे दिले तर चालेल का? आणि आजवर भात-मासळीवर वाढलेल्या बोक्याला आता घालायचे काय?

सासऱ्यांच्या इन्सुलिनला हात लावू नका, हे सगळ्यांत आधी. माणसांना आपल्याकडे सर्रास देतात ते 30/70 चे मिश्र इन्सुलिन असते. त्यातला 30 टक्के भाग झटकन काम करतो, आणि उरलेला भाग मांजराच्या अंगात 12 तास टिकत नाही. मांजराचे शरीर इन्सुलिन माणसापेक्षा लवकर संपवते. त्यामुळे दोन-चार तासांत शुगर धाडकन खाली येते आणि पुढचा डोस यायच्या आत पुन्हा चढून बसते. मांजरांना आम्ही बहुधा ग्लार्जिन देतो. तेही माणसांचेच इन्सुलिन, औषधाच्या दुकानात मिळते, पण संथपणे आणि जास्त वेळ चालते. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे नाव लिहिले आहे तेच आणायचे. दुकानदाराने 'हे पण तसेच आहे' म्हणून दुसरे पुढे केले तर घेऊ नका.

इन्सुलिनइतकीच सिरिंजही महत्त्वाची. या बाबतीत होणारी चूक मांजराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भारतात इन्सुलिनच्या सिरिंज दोन मापांच्या मिळतात: लाल टोपणाची 40 ची (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी) आणि केशरी टोपणाची 100 ची (100 युनिटवाल्यासाठी). आपल्याकडे 40 च्या बाटल्या अजून खूप खपतात, त्यामुळे नुसते 'इन्सुलिनची सिरिंज द्या' म्हटले की पुष्कळदा लाल टोपणाची हातात पडते. ग्लार्जिनच्या एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतात. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 1 च्या रेषेपर्यंत ओढले की अंगात जाते अडीच युनिट. उलट जनावरांसाठीचे कॅनिन्सुलिन 40 चे असते. ते केशरी टोपणाच्या सिरिंजने दिले तर 1 च्या रेषेला युनिटाचा अर्धाही भाग जात नाही आणि आपण म्हणत बसतो की औषध लागूच पडत नाही. बहुतेक मांजरांना सुरुवात 12 तासांच्या अंतराने 1 युनिटने होते, क्वचित 2 ने. एवढ्याशा मापात अडीच पटीचा फरक म्हणजे काय ते तुमच्या लक्षात येईल. अर्ध्या युनिटाच्या रेषा असलेली 30 युनिटांची केशरी सिरिंज मिळाली तर तीच घ्या, आणि पहिल्या दिवशी इन्सुलिन व सिरिंज दोन्ही दवाखान्यात नेऊन डॉक्टरांसमोर एकदा भरून दाखवा.

गोळीचे थोडक्यात. माणसांच्या मेटफॉर्मिनचा मांजराला जवळजवळ उपयोग होत नाही, उलट्या मात्र होतात. अमेरिकेत खास मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधे अलीकडे मान्य झाली: डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन. दोन्ही लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. चांगली आहेत, पण नव्यानेच मधुमेह कळलेल्या, एरवी ठणठणीत असलेल्या आणि इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच. त्यांच्यावर असताना शुगर चांगली दिसत असूनही रक्तात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारे आम्लासारखे पदार्थ) साचून मांजर गंभीर होऊ शकते. त्याच जातीची माणसांची गोळी कुणाच्या तरी डबीत आहे म्हणून तिचा तुकडा बोक्याला द्यायचा विचार करू नका. कारल्याचा रस, मेथीची पूड, जांभळाच्या बिया हेही राहू दे. त्याने बोक्याचे जेवण तुटते, आणि इन्सुलिनवरच्या मांजराचे जेवण तुटणे हेच धोक्याचे.

आता ताटली. माझे मत सांगतो: गोव्यातल्या घरात बोक्याची शुगर जागेवर येत नसेल तर डोस वाढवण्याआधी त्याच्या ताटलीत रोज काय पडते ते बघावे. मांजर हा मांसाहारी प्राणी. पिष्ट पचवून त्यातली साखर हातावेगळी करायला त्याचे शरीर बनलेले नाही. आपण मात्र त्याला शीत घालतो, वर हुमणाचा (माशाच्या आमटीचा) रस आणि बांगड्याचे डोके. भातातल्या कॅलरींपैकी जवळजवळ 90 टक्के पिष्टातून येतात. मधुमेही मांजराच्या जेवणात हा वाटा साधारण 12 टक्क्यांच्या आत हवा. पोदेराच्या पावाचा तुकडा, चहाच्या वेळचे बिस्किट, दुधाची वाटी, हे सगळे त्याच हिशेबात येते. हुमणात कांदा-लसूणही असतात, आणि ते मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. म्हणजे मधुमेह नसतानाही ते देऊ नये.

'मग पाकिटातले कोरडे खाणे देऊ का?' हा पुढचा प्रश्न येतोच. पाकीट उलटे करून हिशेब करा. प्रथिने 32, चरबी 12, ओलावा 10, तंतू 4 टक्के लिहिले असेल आणि राख साधारण 8 धरली, तर बेरीज 66. उरलेले 34 टक्के पिष्ट. कॅलरीत मोजले तर एक तृतीयांशाहून जास्त वाटा पिष्टाचा. पाकिटावर कितीही झळाळते मांजर छापलेले असू दे. डब्यातले किंवा पाउचमधले ओले खाणे बहुधा बरे पडते, त्यातही घट्ट वाटलेले घ्या. ग्रेव्हीवाल्यांत रस दाटसर करायला पीठ घातलेले असते.

घरचे घालायचे तर हाडे काढलेली, मीठ न घातलेली, उकडलेली कोंबडी आणि तिच्याबरोबर थोडी कलेजी. मासळी द्या, पण उकडून द्या. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब1 नष्ट करणारा घटक असतो. फक्त तारले-बांगड्यांवर महिनोन्‌महिने ठेवले तर तेलकट मासळीमुळे ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजते. असे मांजर हात लावू देत नाही, ओरडते. खारे आणि सुकट नकोच. निव्वळ घरच्या शिजवलेल्या मांसात कॅल्शियम आणि टॉरिनही पुरेसे नसते, म्हणून मी बहुतेकांना अर्धे ओले पाउच आणि अर्धी उकडलेली कोंबडी सुचवतो आणि पूरक पूड लिहून देतो. मूत्रपिंड थकलेले असेल तर ही वाटणी बदलते, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी आधी झालेली बरी.

आता एक खास गोव्याची भानगड. आपल्या हिंदू घरात मासळीचे वेळापत्रक असते आणि बोका नकळत तेच पाळत असतो. सोमवारी मासळी नाही. श्रावणात नाही. चवथीला नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा बाजारात मासळी महाग आणि घरात कमी. या दिवसांत बोक्याला डाळ-भात आणि दूध मिळते, आणि शुगर 400 च्या वर जाते. घरचे लोक घाबरतात, डोस वाढवून घेतात. मग मासळी परतते, भात आपोआप मागे पडतो, डोस मात्र वाढलेलाच राहतो. असे मांजर शुगर फार खाली जाऊन सकाळी पायरीवर लोळागोळा होऊन पडलेले सापडते. म्हणून सणवार, बंदी, पाहुणे, काही असो, त्याची ताटली वर्षभर एकसारखी ठेवा. फ्रीझरमध्ये उकडलेल्या कोंबडीच्या छोट्या पिशव्या करून ठेवल्या की सोमवारीही काम भागते. सोवळ्याची अडचण असेल तर ओल्या पाउचचा खोका अंगणातल्या कपाटात ठेवा.

याच कारणाने एक काळजी घ्या. इन्सुलिन सुरू असताना भात एका दिवसात बंद करू नका. खाण्यातली साखर कमी झाली की इन्सुलिनची गरजही कमी होते, कधीकधी फार झपाट्याने. बदल आठवडाभरात हळूहळू करा, डॉक्टरांना सांगून करा, आणि त्या आठवड्यात शुगर जास्त वेळा मोजा. शेजारणीलाही सांगा. बोका वाड्यात फिरणारा असेल तर कुंपणापलीकडे त्याची दुसरी ताटली असतेच.

वजन हा वेगळा विषय. तुमचा बोका आधी जाड होता, जाडीमुळेच इन्सुलिन लागू पडेनासे होते, हे खरे. पण आत्ता जे वजन उतरले आहे ते आजारामुळे, त्यामुळे सध्या त्याला उपाशी ठेवायचे नाही. जाड मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तर यकृतात चरबी साचते आणि नवा आजार उभा राहतो. शुगर ताब्यात आल्यावर जास्तीचे वजन आठवड्याला 1 टक्क्याच्या आसपास उतरले तर पुरे.

शुगर घरीच मोजायला शिका. दवाखान्यात मांजर घाबरते आणि नुसत्या घाबरण्याने त्याची शुगर 300 च्या वर जाऊ शकते. म्हणून एकदाच्या आकड्यावर आम्ही निदान करत नाही, लघवीतली साखर किंवा फ्रुक्टोसामिनची (गेल्या काही दिवसांची सरासरी शुगर सांगणारी) तपासणी बघतो. तुमच्याकडे लघवीतही साखर आहे आणि वजनही उतरले आहे, तेव्हा निदानाबद्दल शंका नको. रेतीच्या ट्रेपाशी मुंग्या जमतात का बघा, आपल्याकडे पुष्कळांना पहिली खूण तीच दिसते. पाणी मोजायचे तर सकाळी भांड्यात मापून ओता आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मापा. 5 किलोंचे मांजर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त.

थेंब कानाच्या कडेचा घ्यायचा. बोक्याला मांडीवर टॉवेलवर बसवा, तोंड पलीकडे. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल कानावर अर्धा मिनिट धरा, म्हणजे रक्त कडेला येते. खिडकीकडे कान केला की कडेलगत जाणारी बारीक शीर दिसते. ती शीर आणि कानाची कड यांच्या मधली चिमूटभर जागा, तिथे टोचायचे. कानाच्या मागे दुमडलेला कापूस धरा, नाहीतर सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात. मोहरीएवढा थेंब आला की स्ट्रिप टेकवा, मग कापूस दाबून धरा आणि लगेच उकडलेले एक सुंगट (कोळंबी) तोंडात. पहिले काही दिवस स्ट्रिप वाया जातील, जाऊ द्या. सुंगटाची सवय लागली की बहुतेक बोके टॉवेल पसरला की स्वतःच येऊन बसतात. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवते. हे डॉक्टरांना माहीत असते, फक्त मशीन मध्येच बदलू नका. शुगर सतत मोजणारा 14 दिवसांचा सेन्सर खांद्याजवळ केस काढून लावता येतो, पण आपल्या दमट हवेत तो पुष्कळदा आधीच सुटून पडतो. परवडत असेल तर सुरुवातीला एकदा लावा, दिवसभराचा आलेख मिळतो.

आकड्यांचा अर्थ असा. निरोगी मांजराची शुगर साधारण 80 ते 120. मधुमेही मांजराला आपण त्यात कोंबायला जात नाही. दिवसातला सर्वांत खालचा आकडा 80 ते 150 च्या दरम्यान आणि बाकीचा वेळ 300 च्या खाली राहिला तर ठीक चालले आहे. ग्लार्जिनवर हा खालचा आकडा बहुधा टोचल्यापासून 4 ते 8 तासांत येतो. एखाद्या दिवशी 350 आले म्हणून डोस बदलू नका. एका डोसवर आठवडाभर थांबून मगच बदल, आणि तोही अर्ध्या-एका युनिटाचा, डॉक्टरांनी सांगितल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यांत टोचण्याआधीचा आकडा 200 च्या खाली असला तर आधी डॉक्टरांना फोन करा.

टोचणे त्या मानाने सोपे. आधी ताटली ठेवा. तो खायला लागला की बरगडीच्या बाजूची सैल कातडी दोन बोटांनी वर उचला, तयार झालेल्या पोकळीत सुई घाला आणि दट्ट्या दाबा. रोज जागा थोडी बदला. बोट ओले लागले आणि औषधाचा वास आला तर सुई आरपार गेली आहे, डोस केसांत सांडला. अशा वेळी दुसरा डोस द्यायचा नाही. 'दिले की नाही' याबद्दल घरात दोन मते असतील तरी द्यायचे नाही. एक डोस चुकल्याने मांजर मरत नाही, दुप्पट डोसने मरू शकते. फ्रीजवर कागद लावा आणि टोचणाऱ्याने लगेच खूण करावी. त्याने ताटलीला तोंडच लावले नाही किंवा उलटी केली, तर इन्सुलिन न टोचता आधी डॉक्टरांना फोन.

शुगर खाली गेली की मांजर झिंगल्यासारखे चालते, मागचे पाय लटपटतात, नजर एकटक होते, लाळ गळते, शेवटी झटके येतात. आकडा 60 च्या खाली किंवा ही लक्षणे, दोन्हींपैकी काहीही पुरे, आकड्याची वाट बघू नका. शुद्धीवर असेल तर खायला द्या, यावेळी भातसुद्धा चालेल. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी ओतायचे नाही, ते फुप्फुसात जाते. चोळत चोळतच गाडीत बसा. फोंड्याहून रात्री कुठे जायचे, कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच विचारून नंबर त्याच कागदावर लिहा.

उलट बाजूचा धोका कीटोनचा: खाणे बंद, उलट्या, कोपऱ्यात पडून राहणे, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास. हे घरी सांभाळायचे दुखणे नाही, सलाईन लागते. माणसांच्या औषधाच्या दुकानात लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या मिळतात, एक डबी घरात असू द्या.

इन्सुलिन फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवा. दारात नको, फ्रीझरजवळ तर नकोच, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यायचे. पावसात वीज गेली म्हणून धावपळ करू नका, 30 अंशांच्या आत काही तासांनी त्याला काही होत नाही. ते खराब होते मे महिन्यात बंद गाडीत राहिले तर, किंवा प्रवासात थेट बर्फावर ठेवले तर. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. उघडल्यावर 28 दिवस असे लेबलवर असते, आणि बोक्याला तेवढ्यात 300 युनिटांच्या कार्ट्रिजमधली 56 च लागतात, म्हणून पुष्कळ लोक ते फ्रीजमध्ये ठेवून पुढेही वापरतात. किती दिवस वापरायचे ते डॉक्टरांशी ठरवा, उघडल्याची तारीख लिहा, आणि ताटली तीच असताना शुगर चढू लागली तर पहिला संशय या बाटलीवर घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्या.

बाटली नवी, ताटली तीच, तरी शुगर उतरत नाही, असे झाले तर दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज बघावी लागते. क्वचित डोक्यातल्या पियूषिका ग्रंथीची गाठ निघते; अशा मांजराला डोस कितीही वाढवला तरी पुरत नाही.

शेवटी, इन्सुलिन जन्मभर का? कुत्र्याला बहुधा जन्मभर, मांजराला तसे नाही. निदानानंतर लवकर इन्सुलिन सुरू झाले, भात सुटला आणि शुगर नीट ताब्यात राहिली, तर बऱ्याच मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते. सतत चढलेली साखर त्याला थकवत असते, ती उतरली की त्याला उसंत मिळते. त्याची खूण म्हणजे टोचण्याआधीचेच आकडे 150 च्या खाली येऊ लागतात. मग डॉक्टर डोस अर्ध्या युनिटापर्यंत उतरवत नेतात आणि थांबवून बघतात. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: बोक्याला गेल्या वर्षभरात खाजेसाठी लांब चालणारी इंजेक्शने दिली होती का? ती बहुधा स्टिरॉइडची असतात आणि त्यांनीच मधुमेह सुरू झालेली मांजरे मी पुष्कळ पाहतो. तसे असेल तर सुटण्याची शक्यता आणखी चांगली. इन्सुलिन थांबले तरी ताटली हीच ठेवा, आठवड्यातून एकदा कानाचा थेंब बघा, आणि पुढे कुणीही खाजेचे इंजेक्शन भरायला घेतले तर आधी सांगा की याला मधुमेह होऊन गेला आहे.